पाच वाजताचा पाहुणा

१२ जानेवारी, सोमवार

आज पाच वाजता पुन्हा तेच. चप्पल घातली, टोपी नीट केली, दाराला हात लावून म्हणायलेत, "निघतो बाई. घरी वाट बघत असतील."

स्वतःच्या घरात उभं राहून!

मी म्हटलं, "हेच घर हाय आपलं." तर माझ्याकडं असं बघितलं की मीच लबाड. मग अर्धा तास कुलूप हलवत बसले. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मालकांचं रोजचं लिहून ठेवा. म्हणून ही वही. जेवण — दीड भाकरी, वरण. झोप — बरी. विसरणं — सगळं. घ्या, लिहिलं!

१३ जानेवारी

शाळेतले सिद्धोधन सर आले होते. आमच्या जुन्या मोंढा गल्लीची घर-फेरी काढायलेत, रथसप्तमीच्या रविवारी. परभणी, सेलूहून लोक येणार, गल्लीतली चार जुनी घरं आतून बघणार. त्यात आमचं! आढ्याला तराजूचा काटा टांगायचा लोखंडी आकडा अजून हाय, पायली-आधोली ही जुनी मापं जाग्यावर हायेत, म्हणून.

लय बरं वाटलं. आमच्या मानवत गावात शेठजींचे नक्षीचे खांब सगळेच बघतात. मापाड्याचं घर कोण बघतंय? यांच्या वडलांनी बांधलं, यांनी राखलं. चाळीस वर्षं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ज्वारी मोजली यांनी, पण कुणाचं माप मारलं नाही.

सरांनी कागद काढला. "बायनाकाकू, घरमालकाचं नाव सांगा." मी म्हटलं, तुमाला माहीत हाय की, तुमीच लिहा. हसले. सेहेचाळीस वर्षांत उखाणा सोडून यांचं नाव तोंडानं घेतलं नाही. हेही मला "अगं"च म्हणायचे. आता कागदासाठी घेऊ काय?

जाताना म्हणाले, "काकू, त्या दिवशी तेवढा फ्रिज झाका." म्हटलं, का? चोरीचा हाय का?

१४ जानेवारी

संक्रांत. यांनी तिळगूळ घेतला, गोड बोला म्हणाले, आणि "घरच्यांनाबी नेतो" म्हणून दोन लाडू खिशात टाकले. सदरा चिकट.

१६ जानेवारी

महारुद्रचा पुण्याहून फोन. "आई, एकतीसला गाडी घेऊन येतो. बाबांना नेतो. संस्था चांगली आहे, मी बघून आलो. अजून एकदा हरवले तर काय करशील?"

काय सांगू लेकराला? नोव्हेंबरात हे पालमच्या एसटीत जाऊन बसले होते. खिशातल्या चिठ्ठीवरून कंडक्टरनं फोन केला म्हणून सापडले. जन्म पालमचा यांचा. मला वाटलं, तेच घर म्हणत असतील. एकदा नेऊन आणलं. तर तिथंही पाच वाजले की "घरी चला"! तेव्हापासून आमच्या दाराला आतून कुलूप.

कुलपात माणूस किती दिवस ठेवायचा? मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि लय रडले. हे जवळ येऊन विचारायलेत, "कोणी गेलं का तुमच्या घरचं?"

२० जानेवारी

शेजारची सरजाबाई सल्ला द्यायला आली. "फेरीच्या दिवशी दार उघडं राहणार. भाऊजींना माडीवर घाल, कडी लाव. चार पाहुण्यांत बरं दिसत न्हाई."

असा राग आला! लोकांनी घर बघायचं आणि ज्याचं घर त्यालाच कोंडायचं? म्हटलं, ओसरीवर बसतील, धुतलेलं धोतर घालून. ज्याला बरं दिसत नसंल त्यानं शेठजीचे खांब बघावेत.

म्हटलं खरं. पण धाकधूक हाय.

२५ जानेवारी, रविवार

पाय ठणकायलेत, पण आधी हे लिहिते.

चार वाजता पहिली तुकडी आली. वीस-बावीस माणसं. दार सताड उघडं. हे ओसरीवर खुर्चीत. सर माहिती सांगायले, लोक फोटो काढायले, मी तिळगूळ वाटायले. तुकडी बाहेर पडली, मान वर केली — खुर्ची रिकामी!

अनवाणी पळाले, मारुतीच्या देवळापर्यंत. सरजाबाईला स्टँडवर पिटाळलं. बिचारी तशीच पळाली. मनात एकच — महारुद्र म्हणला तेच झालं, आणि माझ्याच हट्टानं झालं. परत येऊन उंबऱ्यावर बसले.

पावणेपाचला दुसरी तुकडी आली. आणि मधोमध हे! गळ्यात फेरीचं पिवळं कार्ड, कुणी घातलं देव जाणे. पहिल्या तुकडीबरोबर निघाले, बाकीची तिन्ही घरं बघितली, दुसऱ्या तुकडीत मिसळले, आणि आता आमचं बघायला आले होते. दारात ओळीनं चप्पल काढली. मला नमस्कार केला. "घर बघायला आलोत बाई."

मी नुसतं "या" म्हटलं.

सगळं बघितलं. देवळी, माडीचा जिना, आढ्याचा आकडा. फ्रिजसुद्धा उघडून बघितला! सर पायली दाखवायले होते, तर यांनी त्यांच्या हातून काढूनच घेतली. "अशी न्हाई धरत." ज्वारीच्या पोत्यापुढं उकिडवे बसले, पायली भरली, वरून हात फिरवला आणि मोठ्यानं — "लाभ!" पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत मोंढ्यात, लाभ म्हणतात. "लाभ! दोन! तीन!" तोच आवाज! इतक्या दिवसांनी. एक दाणा इकडंतिकडं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदरानं नाक पुसलं.

मग हात झटकत माझ्याकडं वळले. "बाई, घर कुणाचं म्हणायचं हे?"

सर माझ्याकडं बघायले. सगळेच बघायले. काय करणार!

"बन्सीधर मापाड्याचं."

या वयात कान तापले माझे.

"असं का," म्हणाले. "माणूस व्यवस्थित दिसतो. बसू का जरा?"

बसले. पाच वाजले, साडेपाच वाजले. घरी जातो म्हणाले नाहीत! चहा प्याले, बशी खाली ठेवली, "घर चांगलं हाय" म्हणाले. तुकड्या गेल्या, सर गेले, दिवे लागले, तरी बसूनच. जेवायला वाढलं तर संकोचून म्हणाले, "तुमाला तरास."

२६ जानेवारी

पाच वाजता पुन्हा चप्पल, टोपी, "निघतो बाई."

कुलूप लावलं नाही. माझीही चप्पल घातली. म्हटलं, "चला, जाता जाता एक घर दाखवते." गल्लीतून मारुतीला वळसा घालून पुन्हा आमच्याच दारात. "हे बघा. मापाड्याचं घर." चप्पल काढली, नमस्कार केला, आत आले, आकडा बघितला, बसले.

इतकं सोपं होतं होय!

२९ जानेवारी

चार दिवस झाले. कुलूप काढून देवळीत ठेवलं.

३१ जानेवारी, शनिवार

महारुद्र आला. बाबांसाठी नवी बॅग घेऊनच आला. पाच वाजले तेव्हा म्हटलं, "चल आमच्यासंगं."

तिघं गल्लीतून गेलो. दारात यांनी त्याला विचारलं, "तुमीबी घर बघायला आलात? कुठले?"

"पुण्याचा," महारुद्र म्हणाला.

"या की मग. बघण्यासारखं हाय. या घरात कधी माप मारलं न्हाई म्हणतात."

महारुद्र नळावर तोंड धुवायला गेला. लय वेळ धूत होता. बाहेर आल्यावर डोळे लाल. रात्रीच्या जेवणाला थांबला नाही, उद्या पुण्यात काम आहे म्हणाला. निघताना माझ्या पाया पडला. "आई, उन्हाळ्यापर्यंत बघू." बॅग इथंच राहिली. मी तीत गोधड्या भरल्या.

४ फेब्रुवारी

फेरी झाली. जेवण — दोन भाकरी! सरजाबाई आता आपल्या ओसरीवरून ओरडते, "भाऊजी, आमचंबी घर बघा!" हे म्हणतात, "उद्या." रोज उद्या.

कधी कधी वाटतं, एकदा तरी ओळखावं. पाहुण्यासारखं किती गोड बोलतात माझ्याशी — तेच लागतं मनाला. सेहेचाळीस वर्षांत इतक्यांदा "बाई बसा, तुमीबी चहा घ्या" कधी म्हणाले नव्हते. जाऊ दे. घरात हायेत, हेच लय.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज माझा गुडघा धरला. पाच वाजले तरी उठवेना. म्हटलं, चुकली फेरी. तर यांनीच चप्पल घातली, टोपी नीट केली आणि माझ्यापुढं हात केला. "चला बाई, आमचं घर दाखवतो तुमाला. जवळच हाय. आमची बायना असंल घरी, चहा घेतल्याबिगर सोडायची न्हाई."

हात धरून गेले. मारुतीला पूर्ण वळसा घालून. दारात आल्यावर यांनी आत तोंड करून हाक मारली, "बायना, पाहुणे आलेत गं!"

मी शेजारीच उभी. म्हटलं, "आले, आले."