पत्ता माझाच दिला

३ तारीख, सोमवार
नवं गाव, नवी नोकरी आणि कामाच्या खोलीला चक्क खिडकी! विद्यापीठात मी आता प्रबंध तपासनीस. विद्यार्थ्यांनी मुलाखती खरंच घेतल्या का, हे लोकांना फोन लावून बघायचं. इकडे हिनं नव्या घरात सामान लावलंसुद्धा. सवयीप्रमाणे कपाटांची दारं उघडी टाकली आणि मी सवयीप्रमाणे डोकं आपटून घेतलं. ही खो खो हसली. दिवस झकास गेला.

७ तारीख, शुक्रवार
काय एकेक दिवटी कार्टी! विषय आहे एकट्या माणसांचं जगणं. पण चार घरं फिरायला यांचे पाय दुखतात, म्हणून एआयच्या यंत्राकडून खोटी माणसं लिहून घेतली. एक फोन लागेल तर शपथ. आणि ही माणसं बोलतात काय, तर म्हणे एकटेपणालाही ऊब असते. अरे, जिवंत माणूस गुडघ्यांबद्दल बोलतो! विभागप्रमुखबाई म्हणाल्या, सबुरीनं घ्या, पालथ्या घड्यावर पाणी आहे. मी म्हटलं, मग घडाच फोडू.

११ तारीख, मंगळवार
भर वर्गात त्यांची धिंड काढली. पडद्यावर यंत्राला हुकूम सोडला, एक पन्नाशीचा विधुर बनव. पत्ता मुद्दाम माझाच दिला, फोनही घरचा. क्षणात मुलाखत हजर: ‘ती गेली, पण घराला अजून तिच्या हाताची सवय आहे.’ मी रडका आवाज काढून वाचलं आणि विचारलं, असं कुठला बाप्या बोलतो? सगळे खिदळले. एक चष्मेवाली तेवढी उभी राहिली. सर, हे पुसून टाका, म्हणाली. मी उलट कागदावर छापून नमुना म्हणून सूचनाफलकावर लावला.

घरी हिला सांगितलं, तर म्हणाली, मला मारण्याआधी विचारायचं तरी! मग पोट धरून हसली.

१४ तारीख, शुक्रवार
जिन्यात शेजारीण थांबली. वहिनी फार लवकर गेल्या हो, म्हणाली. बाई ठार वेडी असावी. वर आलो तर कपाटांची दारं बंद. हिला विचारलं. म्हणाली, अहो, उघडायला हाताला जोरच लागत नाही आज.

१७ तारीख, सोमवार
फलकावरचा कागद फाडला. उपयोग शून्य. वर्गातल्या प्रत्येक कार्ट्यानं तो विधुर आपापल्या प्रबंधात उतरवलाय. खोटं बोलायलाही स्वतःची अक्कल नाही या मेल्यांना! हात जोडले, काढा म्हटलं. म्हणाले, सर, काढला तर एक मुलाखत कमी पडते.

घरी फोन लावला. पुरुषानं उचलला. नम्र आवाज. माझाच.

१९ तारीख
हिचा कंगवा नाही. चपला नाहीत. लग्नाच्या फोटोत मी एकटाच, शेजारी जागा सोडून. ही स्वयंपाकघरात आहे, भांडं वाजतं, गेलो की—

बसलो हिचा हात धरून. भीती वाटते. माझ्यामुळे झालं. हात अजून गरम आहे, अजून—

२० तारीख
डोकं आपटलं नाही. एकही दार उघडं—

२१ तारीख
चष्मेवाली दारात. वही घेऊन, घामाघूम. एवढी एकच निघाली पायांनी चालणारी. तिनं सर म्हटलं नाही, काका म्हणाली. मला ओळखलंच नाही. विचारलं, काकू गेल्यावर दिवस कसे जातात?

ओरडणार होतो, ती आत आहे, तिचं नाव— नाव—

गुडघ्यांबद्दल बोलू, म्हटलं. जिवंत माणूस गुडघ्यांबद्दल— तोंड उघडलं. रडका आवाज काढावा लागला नाही. ती गेली, म्हणालो, पण घराला अजून तिच्या