रोमच्या सामन्याची चूक आणि बडा गणपतीचा फळा

मी, जयसिंगराव तुकोजी खलाटे, वय अडुसष्ट, राहणार बडा गणपती, इंदूर, पूर्वी परदेशीपुऱ्यातील गिरणीत टाइमकीपर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल कोणाला शंका असेल, तर त्याने मला गेल्या महिन्यातल्या मुंबई कसोटीचा शेवटचा दिवस विचारावा. चेंडू-चेंडू सांगेन. वकील अप्पासाहेब म्हणतात, मृत्युपत्रात मते घालू नयेत. फीचे बोलणे झाले तेव्हा हे त्यांनी सांगितले नव्हते.

१. राहते घर चिरंजीव शरद यास. शरद गुणी आहे, सांभाळतो, पण सहा गडी बाद झाले की रेडिओ बंद करून उठतो. मुंबईला दसऱ्याच्या दिवशी आपण दोन गडी राखून जिंकलो, तेव्हा हा बाजारात झेंडूची फुले निवडत होता. त्यास विनंती, की संसारात तरी शेवटच्या गड्यापर्यंत बसावे. घर त्याचे, पण रस्त्याकडच्या भिंतीवरचे दोन खिळे त्याने काढू नयेत. त्यांवर फळा टांगलेला आहे.

२. माझ्या आजोबांची मुद्गलांची जोडी आखाड्यास. ते होळकरांच्या फौजेत होते व रोज पहाटे ती फिरवीत. ज्या आखाड्यात आधीच ठरवून, तिकीट लावून कुस्ती होते, तिथे ती देऊ नये. असल्या कुस्तीत हरणारा जास्त मेहनत घेतो, एवढेच माझे मत.

३. होळकरांचा क्रिकेट संघ मोडला, त्याचे दुःख कोणाच्याही नावे करता येत नाही, म्हणून ते बरोबर नेतो. त्या संघाने मला तरुणपणाहून चांगले म्हातारपण दिले, त्याचे आभार.

४. माझी पत्नी द्वारकाबाई आज नाही. तिला हॉकी कळत नव्हती, क्रिकेटही नाही. तरी चोवीस वर्षे तुळशीला पाणी घालण्याआधी तिने ओल्या फडक्याने माझा फळा पुसला. रोज कोरा फळा मिळणे हे केवढे सुख, ते ती गेल्यावर कळले. तिचे तांब्याचे घंगाळ कन्या कुमुदिनीस.

५. आता फळा. गिरणीची पहिली पाळी भरण्याआधी मी त्यावर खेळांच्या बातम्या लिहितो, खाली माझे मत. लोक सायकली थांबवून वाचतात, भांडतात, कामाला जातात. १९६० पर्यंत माझ्याकडे रेडिओ नव्हता. माझे मित्र दत्तोपंत, कृष्णपुऱ्याच्या शाळेतले मास्तर, रात्री बातम्या ऐकून पहाटे फिरायला निघत आणि जाता जाता माझ्या खिडकीत चिठ्ठी ठेवीत.

रोम ऑलिंपिकच्या हॉकीच्या अंतिम सामन्यानंतर सकाळी चिठ्ठी आली नाही. सायकली थांबू लागल्या. सहा ऑलिंपिके ओळीने जिंकलेला देश हरतो कशाला? मी लिहिले, 'हिंदुस्थान विजयी! सातवे सुवर्णपदक!' हलवायाने कढईतल्या पहिल्या जलेब्या फुकट वाटल्या. दहा वाजता वर्तमानपत्र आले. आपण एका गोलाने हरलो होतो.

लोक दारात जमले. मी म्हणालो, 'मास्तरांच्या चिठ्ठीत तसेच होते.'

दत्तोपंत मागेच उभे होते. ते ऐकून शाळेकडे चालू लागले. तेव्हापासून मोहल्ला त्यांना 'रोमवाले मास्तर' म्हणतो. पुढच्या वर्षी मी रेडिओ घेतला, तर लोक म्हणाले, 'चलो, अब मास्तरच्या भरवशावर राहायचं काम नाही.' तेव्हाही मी तोंड उघडले नाही. मित्र मात्र रोज येत राहिला, चहा पीत राहिला. गेल्या महिन्यात टोकियोला आपण एका गोलानेच सुवर्णपदक परत आणले. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले, आणि माझी मला लाज वाटली.

म्हणून फळा कन्या कुमुदिनीस. दोन वर्षांपासून, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून, फळ्यावरचे अक्षर तिचेच आहे. माझ्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी तिने आधी हे लिहावे: 'रोमची चिठ्ठी आलीच नव्हती. खोटे जयसिंगराव बोलले. दत्तोपंत निर्दोष.' मग बाकीच्या बातम्या. आणि खात्री झाल्याशिवाय कधीही काही लिहू नये, सायकली कितीही थांबोत.

६. रेडिओ दत्तोपंतांस द्यायचा होता. अप्पासाहेब म्हणाले, ज्यास काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. दत्तोपंतांना विचारले. म्हणाले, 'रेडिओचं काय करू भिया, घरी एक है ना. दस्तखत मीच करणार.' त्यांना अजून वरचे कलम ठाऊक नाही. सहीपूर्वी त्यांनी ते वाचावे व सही करायची की नाही, हे मग ठरवावे. रेडिओ कुमुदिनीस.

खेळाने मला पोटापुरते काही दिले नाही, बाकी सगळे दिले. ज्यांनी माझी मते सहन केली त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

इंदूर, दिनांक १५ नोव्हेंबर १९६४
(सही) जयसिंगराव तुकोजी खलाटे

साक्षीदार १. अप्पासाहेब पागनीस, वकील. समक्ष सही झाली. मते वगळण्याचा सल्ला दिला होता.

साक्षीदार २. दत्तोपंत, शिक्षक, कृष्णपुरा. सर्व वाचून सही केली. कलम पाचबद्दल एवढेच, की त्या सकाळी चिठ्ठी का आली नाही, हे मला आजवर कोणी विचारले नाही. मी रेडिओवर हरल्याचे ऐकले होते. कागद घेऊन बसलो, पण लिहायला हात चालेना. फिरायलाही गेलो नाही. मी लिहिले असते, तर जयसिंगराव चुकले नसते. फळ्यावर लिहायचेच असेल, तर दोघांची नावे लिहावीत. आणि मरेपर्यंत थांबू नये, उद्याच लिहावे. चहाला मी येतोच आहे.