भलत्या जागी टाळ्या

रोहेलिओ,

डिग्रीला भाषणाचा एक विषय तेवढा अडलाय. "हिशेब लिहायला भाषण कशाला लागतं गं?" म्हणून तू खिदळायचास. लागतं बाबा. आमच्या कॉलेजात सुतारकाम शिका नाहीतर नर्सिंग, भाषण सगळ्यांनाच सक्तीचं. त्यात माझा वर्ग ऑनलाइन, म्हणून पाच मोठी माणसं समोर बसवायची आणि ती दिसतील असा व्हिडिओ पाठवायचा.

"पहिल्या खुर्चीत मी," तू म्हणाला होतास, "आणि भलत्याच जागी टाळ्या वाजवणार."

रविवारी चर्चहून माझा भाऊ आणि कामावरच्या तिघी जणी आल्या. तमाले खाऊन सगळे बसले. पहिली खुर्ची रिकामी बघून भाऊ शेजाऱ्याला बोलवायला निघाला.

"ती भरलीय," मी म्हटलं.

"एल्विरा, तो गेलाय."

"मला सांगतोस?"

मग मी तशीच बोलले.

सरांनी व्हिडिओ परत पाठवलाय. श्रोते चारच दिसतात म्हणे, आणि एका वाक्याच्या मध्येच मी उगाच थांबले.

पुन्हा करीन. शेजारी येईल, खुर्ची भरेल. पण त्या वाक्याशी मी परत थांबेन रे, आणि तू वाजवणार नाहीस.

तुझीच,
एल्विरा