दुरुस्ती क्रमांक सतरा

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून डायरी. सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, दोन वर्षं खासदार आहे, आणि सभागृहात अजून एक मुद्दा धड पूर्ण करू दिलेला नाही कोणी. पेन्शन बिल येतंय. त्यात माझी दुरुस्ती क्रमांक सतरा: महागाई वाढेल तशी पेन्शन दरवर्षी आपोआप वाढावी. एका ओळीचं काम. याला कोण कशाला विरोध करेल?
निश्चय: थोडक्यात बोलायचं. तळटीपा नाहीत.

४ मार्च
आत्याकडे गेलो. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. नऊ वर्षांत पेन्शन छदामानेही वाढलेली नाही, त्यामुळे बीपीची गोळी एक दिवसाआड घेते. पैसे पुढे केले, तर नेहमीसारखी उखडली. तुझ्या खिशातलं नको, माझ्या हक्काचं असेल ते आण, म्हणाली. आणतोच म्हटलं, पंधरा दिवस थांब. तिने लगेच शेजारणीला बोलावून मला दाखवलं. बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण बरं जास्त.

९ मार्च
प्रतोदांना भेटलो. पक्षातल्या कोणी कधी हजर राहायचं आणि कुठे मत द्यायचं, हे तेच बघतात. म्हणाले, दुरुस्ती चांगली आहे, समोरचेही काही फुटतील, पण गणित काठावरचं आहे. तुम्ही फक्त मतदानाला जागेवर बसा, बाकी मी बघतो. डॉक्टरेट असलेल्या माणसाला जागेवर बसायला सांगतात.
भाषणाला चार मिनिटं मिळाली आहेत. माझं सध्या एकेचाळीस मिनिटांचं आहे. कापतो.

१२ मार्च
कापलं. अडतीस.

१३ मार्च
बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, यात आत्या कुठे आहेत? मी म्हटलं, परिशिष्ट तीन, वयोगट सत्तरच्या वर. ती भाजी घेऊन आत गेली. शास्त्र सगळ्यांना पेलत नाही.
प्रतोदांचा निरोप: चार म्हणजे चारच. यांना विषयाची खोली कळत असती तर हे प्रतोद कशाला झाले असते.

१७ मार्च, संध्याकाळी
भाषण झालं. म्हणजे सुरू झालं. महागाईच्या तीन व्याख्या आहेत. दुसरी अर्ध्यावर असताना माइक बंद केला. तरी मी बोलत राहिलो, पण आवाज माझ्या बाकापलीकडे गेला नसावा. समोरचे बाकं वाजवत होते. आधी वाटलं कौतुक आहे.
दुरुस्ती काय आहे ते सांगायचं राहिलं. हरकत नाही, छापील कागदावर आहे. उद्या भाषणं उतरवून घेतात त्या शाखेत जाणार. तिथे आपलं भाषण तपासता येतं. तिसरी व्याख्या तिथेच घालून टाकतो. मतदान उद्या दुपारी आहे, भरपूर वेळ आहे.

१८ मार्च, दुपारी ३.४०
शाखा तळमजल्यावर. तिथल्या बाई हट्टी. म्हणाल्या, बोललात तेवढंच राहील, फक्त चुका सुधारता येतील. मी म्हटलं, व्याख्या अपुरी राहणं हीच चूक आहे. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. मीही सोडलं नाही.
मतदानाची घंटा झाली. बाई म्हणाल्या, साहेब, वर जा. घंटा तीन मिनिटं वाजते, हे काय मला माहीत नाही? पण नेमकं तेव्हा दिसलं, एका आकड्यातलं दशांश चिन्ह एक घर सरकलंय. ते तसंच ठेवून उठायचं? पोरांचे पेपर तपासले असते का असे?
वर पोचलो तेव्हा दारं लावलेली होती. घंटा संपली की कोणासाठी उघडत नाहीत. काचेतून फलक दिसला. बाजूने २१२, विरोधात २१२. मतं समसमान, म्हणून अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं आणि दुरुस्ती पडली.

१८ मार्च, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. लिफ्ट मंद आहे. जिना अरुंद आहे. घंटा तळमजल्यावर नीट ऐकू येत नाही (बाईंना आली, ती सवय). शिवाय एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते, हे मी स्वतः एका पेपरात सिद्ध केलं आहे.
प्रतोद लॉबीत भेटले. हातातल्या यादीत माझ्या नावापुढे फुली मारली आणि पुढे गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

१९ मार्च
छापील भाषण आलं. तिसरी व्याख्या नाही. दशांश चिन्ह बरोबर जागी आहे.

२० मार्च
आत्याकडे गेलो. तिने सगळं टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणाली, कॅमेरा सगळीकडून फिरला, तू कुठे दिसला नाहीस. शेजारणीला तिने सांगितलं होतं, खांबाआड बसला असेल. सभागृहात खांब नाहीत. मी तिला घंटा, दारं, कामकाजाच्या रचनेतले दोष असं सगळं समजावलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, दमला असशील, जेवून जा. जेवलो. लाज वाटली, पण जेवलो.

२१ मार्च, सकाळी ७.३०
आत्याचा फोन. आधी बायकोची चौकशी केली, मग माझ्या तब्येतीची. मग म्हणाली, या महिन्यापासून माझ्या गोळ्या तू आणून देशील का?
हो म्हटलं.