पितृपक्षात शेअर विकू नयेत

मी, सूर्यभान खुशालराव गावंडे, वय त्रेपन्न, राहणार जुने शहर, अकोला, एका कापड कंपनीच्या येथील दुकानाचा व्यवस्थापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. येत्या शनिवारी नागपुरात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. दिवाळीनंतर करा, अशी डॉक्टरांना विनवणी केली. त्यांनी ऐकले नाही. मला फार भीती वाटते आहे.

१. राहते घर पत्नी पार्वताबाई हिचे. धाकटे बंधू नत्थुजी, राहणार हिवरखेड, यांनी यावे, जेवावे, पण वाटणीची भाषा काढू नये. वडील गेले तेव्हा तेरावीच्या आधीच त्यांनी बैलजोडी अकोटच्या बाजारात पडेल त्या भावात फुंकून टाकली. ते मी विसरलेलो नाही.

२. कात्री व कापड मोजायचा लोखंडी गज मुलगी इंदू हिला. मीटर आल्यापासून गज दुकानात चालत नाही, पण लहानपणी ती त्याचा घोडा करून अंगणभर फिरत असे.

३. आमच्या कंपनीचे शेअर, म्हणजे आमची सगळी शिल्लक, पार्वताबाईच्या नावे. मात्र एक अट. शेअरचा भाव दुकानातल्या गिऱ्हाइकासारखाच वागतो. पितृपक्षात नवे कापड कोणी घेत नाही, तेव्हा भावही बसतो. दसऱ्याला उठतो, दिवाळीला चढतो, संक्रांतीनंतर उतरतो, लग्नसराईत पुन्हा वर येतो. माझी शस्त्रक्रिया नेमकी पितृपक्षात आहे. मी गेलो तर नत्थुजी तेरावीच्या पंगतीतच ‘विकून टाका’ म्हणतील, आणि माझी बायको मातीमोलाने विकून उघड्यावर पडेल. म्हणून दिवाळीपूर्वी एकही शेअर विकू नये. गेल्या दिवाळीत सरहद्दीवर लढाई पेटली आणि भाव चढलाच नाही. यंदाही तसेच झाले तर लग्नसराईपर्यंत थांबावे. तेव्हाही नाही चढला तर पुढची दिवाळी. पेपरातला भाव रोज पाहावा.

इथवर लिहून पार्वताबाईला वाचून दाखवले. ती अंबाडीची भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “इतकी वर्सं रोज सकाळी पेपर उघडताना तुमी भेले. आता मले भ्याले लावून राहिले काय? घर द्या, शेअर द्या. हे भेव मले नोका देऊ.”

मी कागद पुन्हा पुढे ओढला.

४. कलम तीनमधील अट रद्द. पार्वताबाईने शेअर वाटेल त्या दिवशी, मिळेल त्या भावाने विकावेत. पितृपक्ष असला तरी. दिवाळीपर्यंत थांबावे असे मला अजूनही वाटते. पण माझी भीती मी कोणाच्याही नावे करत नाही.

साक्षीदार: वामनराव देशमुख, शेजारी, व भगवंतराव इंगळे, दुकानातील सहकारी. दोघांच्या देखत सही केली.

सूर्यभान खुशालराव गावंडे
अकोला, रविवार, १ सप्टेंबर १९६३