चाल नाही

गुरुवार, सकाळ

प्रिय बडबडे,

खर्रर्र. मग टक्. मग दोन क्षण काहीच नाही, आणि मग पलीकडच्या खोलीत कुणीतरी शिवणयंत्र चालवायला घ्यावं तशी बारीक, हळूहळू चढत जाणारी घरघर. आठवतो का तुला हा आवाज? आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात तबकडी सरकवली की यायचा. सतरा वर्षं झाली. तू आठवीत होतीस, दप्तर दारातच टाकून धावत यायचीस. तबकडीत काय आहे याच्याशी तुला कर्तव्य नसायचं, तुला फक्त तो आवाज हवा असायचा. "गप्प बसा सगळे, तो घसा साफ करतोय," म्हणायचीस. घरात दुसऱ्या कुणाला गप्प बसवायची तुझी तेवढीच वेळ, कारण एरवी तुझ्यापुढे आम्ही आपोआपच गप्प असायचो. बडबडी हे नाव काही मी उगाच ठेवलं नव्हतं.

तर आधी कामाचं सांगतो. रविवारची सामानाची गाडी रद्द कर. मी येत नाही. तू खोली रंगवून घेतलीस, पलंग खिडकीशी लावलास, सगळं कळलं, आणि तुझ्या घरात मला काही कमी पडणार नाही हेही मला ठाऊक आहे. तरी येत नाही. हट्टी म्हातारा म्हण, चक्रम म्हण, जे म्हणायचं ते म्हण, फक्त गाडी रद्द कर. आणि हा निरोप फोनवर न देता पत्रात का लिहितोय, तेही सांगतो. फोनवर तू हल्ली तीन शब्दांच्या वर बोलत नाहीस. जेवलात? औषध घेतलंत? ठेवते. पत्र मध्येच ठेवता येत नाही, आणि ठेवलंस तरी ते तिथेच पडून तुझ्याकडे बघत राहील.

गेल्या महिन्यात मात्र तू एकदम एक अख्खं वाक्य बोललीस. ते मी विसरलेलो नाही. "बाबा, ते मशीन चालत नाही, घर चालत नाही, आणि तुमचं एकट्याचं तर मुळीच चालत नाही." वाक्य चांगलं होतं. यमक नव्हतं, पण लय होती. आईची मुलगी शोभतेस. त्यानंतर तू पाठवलेला नवा लॅपटॉप आला, वहीसारखा पातळ, आणि त्याच्याबरोबर चिठ्ठी, की जुना डबा भंगारात द्या. मी तुझं ऐकलं. खोटं वाटेल, पण ऐकलं. शनिवारी बांधाबांध करायला बसलो. पहिलाच हात घातला तो माळ्यावरच्या खोक्यात. त्याच्यावर माझ्याच अक्षरात 'चालत नाही' असं लिहिलेलं आहे. जळालेला चार्जर, मुका रेडिओ, तुझं काटे नसलेलं घड्याळ, आणि एक तबकडी.

तबकडी उन्हात धरली. तुझ्या आईचं शेवटच्या दिवसांतलं थरथरतं अक्षर होतं. चार वर्षांपूर्वी ते एकदा वाचून मी तबकडी या खोक्यात टाकली होती. शनिवारी पुन्हा वाचलं, आणि बडबडे, चष्मा पुसून परत एकदा वाचलं. त्या अक्षरांत 'त' नव्हताच. 'चालत नाही' नव्हतं ते. लिहिलं होतं 'चाल नाही'.

याचा अर्थ दुसऱ्या कुणाला सांगावा लागला असता, तुला नाही. आमचं सगळं आयुष्य त्या एका भांडणात गेलं. ती तिसरीच्या वर्गाला कविता शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे चाल लावून गायची. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढणारा माणूस, पण शाळेतल्या कविता मला तिच्याइतक्याच पाठ, आणि माझं म्हणणं असं, की चालीत शब्द वाहून जातात. 'दिवा म्हणाला वातीला, थांब जराशी, उजाडू दे' ही ओळ घे. ती त्या 'थांब'ला असा लांब हेल काढायची की पोरं त्या हेलावर झोके घ्यायची, आणि विझायला निघालेली वात, तिला थांबवणारा दिवा, दोघंही बिचारे अंधारात. मी म्हणायचो, साधी वाच ना, बोलल्यासारखी. ती म्हणायची, "अहो, तुम्ही पाइपांना साधं वाचा. मुलांना चाल लागते." छत्तीस वर्षं. एकदाही तिनं माझ्यासाठी एक कविता चाल सोडून वाचली नाही. आणि शेवटी तबकडीवर लिहून ठेवलं, चाल नाही. मी, आयुष्यभर लोकांना 'शब्द नीट वाचा' म्हणून सांगणारा मी, दोन शब्द नीट वाचू शकलो नाही.

सोमवारी सकाळी तुला फोन केला तो यासाठी. विचारलं, या नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची फट कुठे आहे? तू म्हणालीस, "कसली तबकडी?" मी म्हटलं, आईची. मग तू म्हणालीस, "ठेवते." फक्त तेवढंच. त्या क्षणी मला जो राग आला, तो मी फोनवर काढला, म्हणजे फोन बंद करून कपाटात टाकला. अजून तिथेच आहे.

मग वळलो जुन्या डब्याकडे. तो सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो हे खरंच आहे. दहा कडव्यांची कविता दोनदा म्हणून होते आणि वर पाणी पिऊन येता येतं. पण सुरू झाला तरी उपयोग काय? तबकडीचा ट्रे बटण दाबलं की बाहेर यायचा, आत जायचा, पण पडद्यावरच्या यादीत त्या ड्राइव्हचं नावच नाही. मुलगा वर्गात बसलाय आणि हजेरीपटावरून नाव गायब, असला प्रकार.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीला घेऊन आलो. हुशार बाई आहे, तोंडात स्क्रू धरून बोलते. आत येताच म्हणाली, "आजोबा, हे मशीन आलं तेव्हा मी पाचवीत असेन." मी म्हटलं, मग मोठ्यांचा मान ठेव, आणि मला काका म्हण. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि निकाल दिला, की दुखणी दोन आहेत आणि वेगवेगळी आहेत. सुरू होताना पन्नास प्रोग्राम एकदम जागे होतात, म्हणून मंद. आणि ड्राइव्ह म्हातारा होऊन मेलाय. बाहेरून वायरीनं जोडायचा ड्राइव्ह मिळतो, तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं, चपट्या खोक्यात येतो, पण हल्ली कुणी ठेवत नाही, मागवायला आठ-दहा दिवस. मी म्हटलं, माझ्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे. ती म्हणाली, "काका, मग सोडून द्या. काय असेल त्या तबकडीत? जुनी गाणी?" मी म्हटलं, गाणी नाहीत. तेच तर आहे.

मंगळवारचा अख्खा दिवस तिनं सांगितल्याप्रमाणे एकेक प्रोग्राम सुरुवातीच्या रांगेतून काढत बसलो. केव्हाच फेकून दिलेल्या छपाईयंत्राचा प्रोग्राम, कधीच न वापरलेलं कॅलेंडर, तुझ्या कॉलेजच्या काळातलं काहीबाही. सगळे सकाळी उठून आपापलं दुकान मांडायचे, गिऱ्हाईक नसताना. अकराची नऊ मिनिटं झाली. नऊ. त्यावर कुणी समाधान मानलं असतं. पण मी चाळीस वर्षं नळ बघितलेत. पाणी कमी येतंय म्हणून लोक तोटी बदलत बसतात, आणि दोष असतो पार मागे, कुठल्या तरी जोडात. मी घड्याळ लावून बसलो. नऊ मिनिटांतली सहा मिनिटं तर पडदा काळाच असतो, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते, बस. प्रोग्राम तेव्हा जागे झालेलेच नसतात. मग हा सहा मिनिटं करतो काय?

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन तिच्या पायरीवर बसलो. तिला विचारलं. ती कुलूप काढता काढता म्हणाली, "तेव्हा ते आतल्या सगळ्या भागांची हजेरी घेतं, काका." मी म्हटलं, आणि कुणी 'हजर' म्हटलंच नाही तर? ती किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. "थांबतं," म्हणाली. "वाट बघतं. पुन्हा हाक मारतं. अगदीच नाही आलं उत्तर, तर पुढे जातं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखणी दोन नाहीत म्हणताय तुम्ही." मी म्हटलं, एकच आहे. "उघडू नका हं एकट्यानं, मी दुपारी येते." मी मान डोलावली आणि घरी येऊन प्लग काढला, खिडकीशी टेबल ओढलं आणि डबा उघडला. कुणाचं ऐकायचं ते मी या वयात ठरवणार.

आत धुळीचं पांघरूण होतं. रंगकामाच्या ब्रशनं सगळं झाडलं. स्क्रू वाटीत ठेवले. ड्राइव्हच्या पाठीला एक बारीक लाल वायर असते, पट्टीसारखी. तिची खिटी मोडली होती आणि ती केसभर बाहेर आली होती, धड सुटलेली नाही, धड लागलेली नाही. म्हणजे हाक ऐकू जात होती आणि उत्तर पोहोचत नव्हतं. घट्ट दाबून बसवली. पुन्हा निसटू नये म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन बांधली. झाकण लावून बटण दाबलं. बडबडे, माझी कविता चौथ्या कडव्यात होती आणि पडदा उजळला. यादीत ड्राइव्हचं नाव होतं. एवढी वर्षं मी आणि तू त्याला मंद म्हणत होतो, आणि तो दर सकाळी त्या एकासाठी थांबत होता.

तबकडी सरकवली. खर्रर्र. टक्.

पहिल्यांदा खोकला. मग, "अहो, ऐका आता." आणि तिनं वाचायला सुरुवात केली, चाल सोडून. बरोबर नोटीस वाचावी तशी. मला छळायला मुद्दाम सपाट, आधी मी हसलो. पण दुसऱ्या कवितेपासून ती खरंच बोलू लागली, समोर बसून बोलावं तशी, आणि मला मान्य करायला हवं, की मला वाटलं होतं तसं ते मुळीच नव्हतं. शब्द सगळे कळत होते आणि मला चाल हवी होती. चार कविता झाल्या. पाचवी आली. "दिवा म्हणाला वातीला," आणि मग तिचं तिलाच आवरलं नाही, तो 'थांब' उचलला गेला आणि पार छतापर्यंत गेला. मागोमाग ती हसली. "हरले नाही हं मी. जीभ घसरली." काल सबंध संध्याकाळ या घरात त्या एका 'थांब'ला दोन आवाज होते. मला सूर नाही हे तुला माहीत आहे. तरी.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. तबकडीच्या शेवटी तिसरा आवाज आहे. तुझा. मी वाचनालयात जायचो त्या दुपारी तूच तिचं वाचन भरून घेतलंस, हे मला काल कळलं. ती गेल्यावर तू मला सांगितलंस, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आईनं तुमच्यासाठी काही ठेवलंय. मी ड्रॉवर उघडला तर वर तिचा चष्मा होता. मला वाटलं, तोच. तुला म्हटलं, मिळालं. चष्म्याखालची तबकडी मी खोक्यात टाकली. पुढच्या वर्षी माळा साफ करताना तू ती हातात धरून मला विचारलंस, "बाबा, हे चालत नाही म्हणून ठेवलंत इथे?" आणि मी, वर न बघता, म्हणालो, "त्यातलं काहीच चालत नाही. हवं तर टाकून दे." तू टाकली नाहीस. परत ठेवलीस, खाली उतरलीस, आणि त्या दिवसापासून तीन शब्दांवर आलीस. तीन वर्षं तू हे धरून होतीस, की आईनं शेवटचा श्वास खर्चून वाचलं आणि बापानं ऐकून भंगारात घातलं. अगं, मी ऐकलंच नव्हतं. मी वाचायला चुकलो. मी याच्यासाठी तुझी माफी मागतो, आणि एवढ्याचसाठी, रविवारसाठी नाही. ज्या घरात हा आवाज आत्ता कुठे जागा झालाय, ते मी सोडणार नाही. माझं एकट्याचं चालतं. मंद चालतं, पण का मंद ते आता तुला माहीत आहे. शेवटी तू तिला म्हणतेस, "आई, एवढा आटापिटा कशाला, ते ऐकणारच नाहीत." आणि ती म्हणते, "ऐकतील गं. त्यांना सुरू व्हायला वेळ लागतो. बंद पडलेले नाहीत ते." तिनं बोललेलं मी छत्तीस वर्षं खोडून काढलं. हे खोडणार नाही.

तुझाच, उशिरा सुरू होणारा, पण चालू असलेला,
बाबा

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो आणि खिडकीतून खाली बघितलं. फाटकातून तू येते आहेस. आज गुरुवार आहे, रविवार नाही. बरोबर गाडी नाही, माणसं नाहीत, आणि हातात एक चपटं खोकं आहे, अगदी दुरुस्तीवालीनं चित्रात दाखवलं होतं तसलं. म्हणजे सोमवारी तू 'ठेवते' म्हणालीस ते याच्यासाठी. दुसऱ्या जिन्यावर तू नेहमी दम खायला थांबतेस, तेवढ्यात हे लिहून घेतो. ते खोकं लागणार नाही, पण आण. बेल वाजली.