मधलं चाक

प्रिय मोहिनी,

पत्र बघून दचकू नको. मी मेले न्हाई, पडलेही न्हाई. फोनवर तुझा बाप मधेच बोलतो आणि माझं वाक्य तोच पुरं करतो, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, नीट लावून वाच.

घाटनांदूरला बरं चाललंय. शेजारच्या विमलबाईनं शेळी घेतलीय, ती दिवसभर ओरडते. ओरडू दे, घरात तेवढाच आवाज. स्वैपाक सकाळी करते, सांजंला तेच खाते.

तुझ्या बापानं शेडातल्या लेथला, आज्ज्याच्या त्या लोखंड कातायच्या मशीनला, गिऱ्हाईक बघितलंय, हे तुला कळलं असंल. म्हणतो, आबा गेले, आता ते मशीन कोनाच्या कामाचं? दसरा झाला की विकू, मग तू पुण्याला आमच्यापाशी ये. मी म्हटलं, खंडेनवमीच्या आत त्याच्यावर एक बोल्ट करून दावते. जमला तर मशीन जागचं हलणार न्हाई. तो हसला. हसणं तेवढं बापाचं घेतलं, हात न्हाई घेतला.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतला नाथा आला. त्याच्या कडबा कापायच्या कुट्टीचा बोल्ट तुटलता. मी सळई चकात, त्या फिरत्या पकडीत, धरली, कापायचं टूल लावलं, बटन दाबलं. तर टूल चकाकडं जायचं सोडून उलटं पळालं. मला वाटलं मोटारीच्या वायरी उलट्या लागल्या असतील. मोटार उलटी फिरवली, तर टूल आलं खरं, पण लोखंडच उलटं फिरत होतं. टूलाचं टोक मोडलं. नाथा म्हणतो, काकू, मशीन बी तुमच्यावानी आडमुठंच हाय की. म्हटलं, कुट्टी तुझी मोडलीय, माझं तोंड न्हाई.

तो गेल्यावर बाजूचं झाकण काढलं. आत दातेरी चाकांच्या मधे एक चाक जास्तीचं बसवलेलं. मग आठवलं. तुझ्या आज्ज्याचं शेवटचं काम ट्रॅक्टरच्या स्क्रूचं होतं, त्याच्या एका टोकाला उलटे आटे लागतात. उलट्या आट्यांसाठी ते चाक घालतात. काम देऊन म्हातारा घरी आला, जेवला, आणि परत शेडात गेलाच न्हाई. चाक तसंच राहिलं.

त्यानं आवळलेला नट लई घट्ट होता. पान्याला पाइप लावून, पाय देऊन सोडवला. चाक रॉकेलनं पुसलं अन् फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. लागंल कधी.

मग नवं टूल लावलं, ते सुलटं आलं. पण आटे पाडायचं काम दोघांचं. एकानं आटा संपतो तिथं टूल मागं घ्यायचं, दुसऱ्यानं त्याच दमात मोटार उलटी फिरवायची. म्हातारा टूलापाशी, मी बटनापाशी. तो हां म्हणायचा, मी बटन फिरवायची. लग्नापासून आमचं बोलणं बहुतेक तेवढंच. त्या दिवशी मशीन चालू केलं अन् सवयीनं बटनापाशी जाऊन उभी राहिले. टूल शेवटाला आलं, मी आपली वाट बघतेय. टूल जाऊन चकाला धडकलं तवा ध्यानात आलं, टूलापाशी कोनीच न्हाई.

मग मोटार बंद केली आणि चक हातानं फिरवून आटे पाडले. दुपार गेली, खांदा गेला. पण नट शेवटपर्यंत बसला. नाथानं दोनदा फिरवून बघितला अन् बोल्ट खिशात घातला.

तुझ्या बापाला हे अजून सांगितलं न्हाई. तो म्हणंल, एका बोल्टाला एक दिवस, आई, हा काय धंदा हाय? ते खरं हाय. म्हणून तुला लिहिते. खंडेनवमीला ये. पूजा झाली की दोन बोल्ट पाडू. टूलापाशी मी राहीन, तू बटनापाशी उभी राहा. मी हां म्हटलं की फिरवायचं, दुसरं काही करायचं न्हाई. जमणार नसंल तर बापाला सांग, गिऱ्हाईक धाड म्हणावं. मी पिशवी भरून ठेवीन.

तुझीच,
चतुरा आज्जी